पावसाळ्यातलं पहिलं बाळंतपण, माहेरी जाऊ की मुंबईतच राहू?

प्रश्न थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत): ही मैत्रीण २६ वर्षांची, भांडुपला चाळीत राहते, घरात ती, नवरा आणि सासूबाई. पहिलटकरीण आहे, सातवा सरत आलाय, डॉक्टरांनी तारीख २० जुलै दिलीये. माहेर जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर, डांबरी रस्त्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत, मधे एक ओहोळ आहे जो पावसाळ्यात दुथडी भरतो. आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, आली नाहीस तर लोक काय म्हणतील. सासूबाई म्हणतात पावसाळ्यात तिकडे बाळं जगत नाहीत, पाठवणार नाही. मोठ्या बहिणीचं बाळ चार वर्षांपूर्वी पौषात, ती भिवंडीकडे वीटभट्टीवर असताना झालं आणि सहाव्या दिवशी गेलं, माहेरी अजून "पौष बाधला" असंच म्हणतात. आता तीच बहीण म्हणते मी मुंबईला येऊन तुझं बाळंतपण करते, पण सासूबाईंना ते अशुभ वाटतं. नवरा म्हणतो तुम्ही बायका ठरवा. मैत्रीण विचारते, बाळाला नेमका कुठला सीझन चांगला असतो, आणि मी काय करू?

उत्तर:

आधी तारखेचं बोलू. तुमच्या घरात सगळे ऋतूवर बोलतायत पण २० जुलैला तुझ्या माहेरी नेमकं काय चालू असतं हे कोणीच काढलेलं दिसत नाही, आणि तू तर तिथेच वाढलीस, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ती आवणीची, म्हणजे भातलावणीची, ऐन घाई. पाऊस धरला की आख्खा पाडा शेतात, आई सकाळी भाकरी बांधून जाते ती अंधार पडता चिखलाचे पाय घेऊन येते, स्वतःची आवणी झाली की दुसऱ्याच्या शेतावर जायचं कारण त्यांनी आपल्याकडे हात लावलेला असतो, आणि ते पंधरा-वीस दिवस हातचे गेले तर वर्षाचा भात गेला. म्हणजे तू आरामाला म्हणून माहेरी जाणार आणि नेमकं तेव्हाच घरात तू आणि चुलीपाशी बसलेली एखादी आजी सोडून दिवसभर कोणी नसणार. आई "ये" म्हणते ते मनापासूनच म्हणते, लेकीचं पहिलं बाळंतपण तिलाही करायचंय, चार बायका विचारतात त्याचाही धाक असेल. पण तिला फोनवर "येऊ का नको" असं विचारूच नकोस. असं विचार, की आई, आवणीत दुपारी बारा वाजता घरात कोण असेल, आणि रात्री दोनला कळा सुरू झाल्या आणि ओहोळाला पाणी असलं तर मला पलीकडे कोण नेईल? भांडण न होता बोलणं मुद्द्यावर येईल.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, ३१ वर्षं मुंबईतल्या एका हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर होते, त्यामुळे तुला तपासणारे डॉक्टर वेगळं काही सांगतील तर त्यांचं ऐकायचं. पण इतक्या वर्षांत प्रत्येक ऋतूत बाळं येताना पाहिली, आणि कुठला सीझन चांगला या तुझ्या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही कारण तिन्ही ऋतूत बाळं छान वाढतात आणि तिन्ही ऋतूत आजारी पडतात. ऋतू बाळापर्यंत पोचतो कशातून ते बघायचं. कधी ओल्या दुपट्यातून, कधी बंद रस्त्यातून, कधी गढूळ पाण्यातून, कधी आईच्या अर्धपोटी जेवणातून. त्यातल्या बऱ्याच वाटा आपल्याला अडवता येतात, सगळ्या नाही, पण बऱ्याच.

सासूबाई म्हणतात ते अगदीच हवेतलं नाहीये हं. तुमच्याच तालुक्यात वावर-वांगणीला १९९२-९३ साली कुपोषणाने मुलं गेली तेव्हा आख्खा महाराष्ट्र हादरला होता, आणि मेळघाट असो की जव्हार-मोखाडा, पावसाळ्याचे महिने लहान बाळांना जड जातात हे तिथल्या आशाताई आणि डॉक्टर सगळेच सांगतात. का जड जातात? आषाढ-श्रावणात घरातला गेल्या साली पिकलेला दाणा संपत आलेला असतो आणि नवा यायला अवकाश असतो, मजुरीचे पैसे हातात यायचे असतात, त्याच वेळी बाईला सगळ्यात जास्त वाकून काम असतं, विहिरीत वरचं पाणी उतरतं, मच्छर वाढतात, रस्ता तुटतो, पोटुशी बाईला झोळी करून खांद्यावरून आणल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. हे सगळं एका वेळी एका घरावर येतं. पाऊस भांडुपलाही तेवढाच पडतो, पण तिथे दाणा संपत नाही आणि रस्ता क्वचित तुटतो. म्हणून "पावसाळ्यात बाळ जगत नाही" हे वाक्य डोक्यातून काढून टाक, नाहीतर बाळाला साधी सर्दी झाली तरी तुम्ही सगळे नशिबाला हात लावून बसाल आणि डॉक्टरकडे जायला उशीर कराल. मी हेच सगळ्यात जास्त पाहिलंय.

आता तुझ्या बहिणीच्या बाळाचं. तू लिहिलंयस की बाळ लहानसं होतं, झाल्या झाल्या आंघोळ घातली, दोन दिवसांनी शांत शांत राहायला लागलं, सगळे म्हणाले किती गुणी बाळ आहे रडत पण नाही, मग दूध ओढेना, हातपाय गार, आणि सहाव्या दिवशी गेलं. मी तिथे नव्हते त्यामुळे नक्की काय झालं ते मी सांगणार नाही, पण तू जे लिहिलंस ते वाचून नवजात बाळांचं काम केलेल्या कोणालाही पहिलं हेच विचारावंसं वाटेल, बाळ थंड पडलं होतं का, आणि सोबत जंतुसंसर्ग होता का. दिवाळीनंतर पाड्यावरची घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, तिथे राहायला विटा रचून वर प्लास्टिक टाकलेली खोपी, जानेवारीची पहाट, आणि अडीच किलोच्या आतलं बाळ. नुकतं जन्मलेलं बाळ ओलं असतं, अंगावर चरबी फार कमी असते, डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि तिथून ऊब निघून जाते, त्याला आपल्यासारखं कुडकुडता पण येत नाही. त्याच्या अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवं, त्याच्या खाली गेलं की बाळ सुस्तावतं, सुस्तावलं की दूध ओढत नाही, दूध नाही म्हणजे ऊब तयार करायला इंधन नाही, मग अजून थंड. हे चक्र फार गुपचूप चालतं म्हणून घरच्यांना ते "गुणी बाळ" वाटतं. यात पौषाचा काही संबंध नाही. आणि तुझ्या बहिणीचाही दोष नाही, तिला कोणी हे सांगितलंच नव्हतं, भट्टीवर तिच्याकडे आशा आली नव्हती कारण गावच्या यादीत ती "बाहेर गेली" आणि भिवंडीकडच्या यादीत तिचं नावच नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नेमकं हेच काम केलं, गावातल्याच बाईला शिकवलं, ती घरी जाऊन बाळाचं वजन करायची, ऊब बघायची, दूध पाजायला मदत करायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून उपचार करायची. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ साली ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकात छापून आलं. त्यांच्याच नोंदींत थंडीत बाळं गार पडण्याचं आणि उन्हाळ्यात तापाचं प्रमाण वाढलेलं दिसतं. थंडी तीच, गावं तीच, दवाखाने पण तेच, बदललं काय तर घरात येऊन बाळाला हात लावून बघणारी एक शिकलेली बाई. यातूनच पुढे २०११ मध्ये देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. हॉस्पिटलात बाळंत झालेल्या बाईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवशीची एक जास्त. या भेटी तुझा हक्क आहे. मुंबईत आमच्याकडे हेल्थ पोस्टच्या, म्हणजे महापालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राच्या, आरोग्य सेविका असतात, तिला आत्ताच गाठून ठेव. आणि इथून माहेरी गेलीस की दोन्हीकडे सांग, इथे "मी अमुक तारखेला जातेय" आणि तिथल्या आशाताईला "मी आलेय". माहेरी जाणाऱ्या बायका दोन याद्यांच्या मधल्या फटीत पडतात, तुझ्या बहिणीसारख्या.

तुझं बाळ जुलैत होणार म्हणून थंडीचा विषय संपला असं समजू नकोस. जुलैत पावसाने हवा दमट, पंखा फुल, भिंतीला ओल, बाळ लंगोट ओला करून तसंच पडलेलं, असं बाळ जुलैतही गार पडतं. बघायची पद्धत सोपी आहे, हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लाव. दोन्ही उबदार, तर छान. पोट उबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच छातीशी घे. दोन्ही गार, तर धोका आहे, छातीशी धरूनच दवाखान्यात निघायचं. छातीशी म्हणजे कपड्यावरून नाही, बाळाला फक्त टोपडं, लंगोट, मोजे घालून तुझ्या उघड्या छातीवर आणि वरून तुम्हा दोघांवर पदर नाहीतर शाल. याला कांगारू पद्धत म्हणतात, १९७८ साली कोलंबियात बोगोटाला इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून सुरू झाली आणि आता जगभर मानतात. तू थकलीस तर नवरा करेल, आजी करेल, छाती कोणाचीही चालते. आणि आंघोळ? पहिले २४ तास तरी अजिबात नाही, बाळ वजनाने कमी असलं तर डॉक्टर सांगेपर्यंत नाही, नुसतं मऊ कपड्याने कोरडं पुसायचं. मला माहितीये की घरात कोणीतरी म्हणणारच, पारोसं बाळ कसं ठेवायचं. त्यांना म्हण डॉक्टरांनी मनाई केलीये, माझं नाव पण सांग हवं तर.

आता तुझ्याबद्दल, बाळाच्या आधी. पुण्याजवळच्या गावांमधे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात गरोदर बायकांचा अभ्यास केला होता, त्यात दिसलं की ज्या बायका पालेभाज्या, दूध आणि फळं जास्त खात होत्या त्यांची बाळं जन्मताना चांगली भरलेली होती आणि ज्यांना शेतातली-घरातली अंगमेहनत जास्त पडत होती त्यांची लहान. खेड्यात या दोन्ही गोष्टी ऋतूबरोबर बदलतात, कधी खायला आहे पण काम डोंगराएवढं, कधी काम कमी पण कणगी रिकामी. तू भांडुपला आहेस, आवणी करत नाहीस, पण हंडे तर भरतेस ना तिसऱ्या मजल्यावर? ते आजपासून बंद, हे नवऱ्याचं काम, यात "तुम्ही बायका ठरवा" चालणार नाही. हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं ते लिहिलं नाहीस, या आठवड्यात तपास, ११ च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचार, लोहाच्या गोळ्या रोज घे, चहाबरोबर नको. माहेरून कोणी येणार असेल तर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ मागव, आणि पहिल्या पावसाबरोबर टाकळा, शेवळं, कुरडू येतात ते सासूबाईंना बाजारातून आणायला सांग, शेवळं नीट शिजवून, काकडाच्या आंबट फळांबरोबर, तुला माहितीच आहे.

आणि आता मुंबई. सासूबाईंच्या बोलण्यात मुंबई म्हणजे सगळं सुरक्षित असं गृहीत धरलेलं दिसतं, ते मला पटत नाही. तूच लिहिलंयस की छत गळतं आणि पाणी पिंपात भरून ठेवावं लागतं. जून ते सप्टेंबर मुंबईत डेंग्यू, मलेरिया आणि साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो असे तिन्ही ताप असतात, गरोदरपणात मलेरिया झाला तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं, बाळंतपणाच्या तोंडावर डेंग्यू झाला तर तो बाळापर्यंत जाऊ शकतो. म्हणून पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून कोरडं करायचं आणि झाकण घट्ट, मच्छरदाणी आत्ताच घ्यायची आणि ती दिवसाही लावायची कारण डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो, ताप आला तर एक दिवस पण न थांबता रक्त तपासायचं. साचलेल्या पाण्यातून चालू नकोस. चालावंच लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठ आणि पोटुशी आहेस हे पहिलं सांग, लेप्टोसाठी एरवी देतात ते औषध गरोदर बाईला चालत नाही, तुझ्यासाठी वेगळं लिहून देतात. छताचं काम मे मधेच उरकून घ्या, ताडपत्री का होईना. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला होता तेव्हा रस्ते पण बंद आणि लोकल पण बंद, त्या रात्री या शहरात कितीतरी बायकांचे दिवस भरलेले असतील. म्हणून हॉस्पिटल चालत किंवा रिक्षाने गाठता येईल असं निवड, आणि तुझा रस्ता तुंबला तर दुसरं कुठलं, तेही ठरव.

मग करायचं काय. तुझ्यासमोर माहेर किंवा मुंबई असे दोनच रस्ते ठेवलेत सगळ्यांनी, पण बाळंतपण एका जागी आणि बाळंतपणानंतरचे महिने दुसऱ्या जागी असं पण होऊ शकतं ना. माझं मत विचारशील तर बाळंत इथेच हो, जिथे तुझं नाव नोंदलंय आणि सगळे रिपोर्ट आहेत. बाळ कमी वजनाचं झालं, काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर इथे ती सोय जवळ आहे. दूध उतरायला वेळ लागला आणि बाळ नाजूक असलं तर सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ ला सुरू केलेली आईच्या दुधाची बँक आहे, आशियातली पहिली, सगळ्यांना ती लागत नाही पण आहे हे माहीत असावं. मग आवणी आटपली की, साधारण ऑगस्टच्या मध्याला, आईला दहा-पंधरा दिवस इथे बोलव, तेव्हा तिचा जीव पण शेतात अडकलेला नसेल. आणि गणपती झाले, ओहोळ उतरला, बाळाचे दीड महिन्याचे डोस झाले, की बाळाला घेऊन माहेरी जा, आवणी आणि भातकापणी यांच्या मधल्या त्या मोकळ्या दिवसांत. तेव्हा काय ते बाळंतिणीचे लाड करून घे, चार बायकांना काय बोलायचं ते बोलू दे, त्यांच्यासमोर बाळ असेल.

पण समजा काही कारणाने तुला तिकडेच जावं लागलं, किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला मुंबईत घरच नाही, तर पाड्यावर बाळंत व्हायचं नाही एवढं नक्की ठरवा. आठव्या महिन्यातच, ओहोळ भरायच्या आधी निघायचं, डॉक्टरांना विचारून, धक्के खात जीपने नाही. सगळे कागद आणि माता-बाल कार्ड सोबत, त्याचे फोटो मोबाईलमधे. तिथल्या आशाताईला विचारायचं की आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माहेरघर चालू आहे का. आदिवासी भागात ही सोय त्यासाठीच केलीये, तारखेच्या आधीच काही दिवस बाई आणि सोबतची एक जण तिथे राहू शकतात, म्हणजे कळा सुरू झाल्यावर ओहोळ ओलांडायची वेळच येत नाही. नाव बघ ना काय दिलंय, माहेरघर, तुझ्या आईला हे सांगितलंस तर तिचा पण मान राहील. अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं एक वेळचं गरम जेवण गरोदर आणि स्तनदा बायकांना मिळतं, ते लाजून सोडू नका. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, गाडी, आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार हे २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर विचारा कशाचे. १०८ आणि १०२ हे दोन्ही नंबर भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा, मोबाईल नेमका तेव्हा बंद पडतो.

उन्हाळ्यात बाळंत होणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं, कारण मे मधे पण मला खूप जणी विचारतात. पत्र्याच्या घरात दुपारी बाळाला टोपडं, मोजे, दोन दुपट्यात गुंडाळून ठेवतात, "बाळाला वारा लागेल" म्हणून, आणि बाळाला ताप येतो. अहमदाबादला २०१० च्या उष्णतेच्या लाटेत एका हॉस्पिटलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड होता, तिथली बाळं तापायला लागली, पुढे वॉर्ड खालच्या मजल्यावर आणला तर हे प्रकरण बरंच कमी झालं. घरात पण तेच करा, दुपारी बाळ पत्र्याखाली नको, शेजारी खालच्या मजल्यावर किंवा झाडाच्या सावलीला. एकच सुती झबलं पुरे. पाणी मात्र पाजायचं नाही, उकळलेलं नाही, साखरेचं नाही, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, उकाड्यात जास्त वेळा पाजायचं आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यायचं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात सहा-सात वेळा शू होत असेल तर बाळाला दूध पुरतंय.

सासूबाईंशी कसं वागायचं असं तू शेवटी विचारलंयस. त्या घाबरल्यात, त्यांना कामाला लाव. त्यांना येतं त्यातलं बरंच चांगलं आहे, आळीव, डिंकाचे लाडू, जुन्या साड्यांचे मऊ लंगोट (पंचवीस-तीस तरी लागतील, जुलैत वाळत नाहीत, इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे झाल्याशिवाय घालायचे नाहीत नाहीतर पुरळ-फोड येतात), दुपारच्या उबेत खोबरेल तेलाने हलक्या हाताने मालीश, हे सगळं करू दे. फक्त चार गोष्टींवर ठाम राहा. पहिला चीक टाकायचा नाही, तासाभरात बाळाला छातीशी लावायचं. मध, गुटी, साखरपाणी काही चाटवायचं नाही. नाळेला हळद, राख, तेल काही नाही, कोरडी ठेवायची, आपोआप पडते. आणि बाजेखाली शेगडी ठेवून दार बंद करायचं नाही, पावसाळ्यात शेक-धुरीचा मोह जास्त होतो, पण बंद खोलीत कोळशाचा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि आई-बाळ झोपेतच जाऊ शकतात, धूर तर त्या एवढ्याशा छातीला झेपतच नाही. शेगडी हवी तर बाहेर, कपडे वाळवायला. पाचवी पूजा, सटवाईला नमस्कार करा, बारसं करा, मला त्याचं काहीच नाही, फक्त बाळाला बघायला येणाऱ्यांनी हात धुवायचे आणि सर्दी-ताप असलेल्याने लांबून बघायचं.

कुठलाही महिना असो, बाळ दूध ओढेना, एकदम सुस्त किंवा आकडी आली, शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजून श्वास ६० किंवा जास्त भरले, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, अंग तापलंय किंवा गार पडलंय, तळहात-तळपाय पिवळे झालेत, नाळेतून पू येतोय, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही, सासूबाईंची, नवऱ्याची, कोणाची परवानगी लागत नाही, निघायचं. जाताना बाळ छातीशी, वरून छत्री. हे पान नवऱ्याला वाचायला दे, त्याला श्वास मोजायला शिकव, ते त्याला जमेल.

राहता राहिली तुझी बहीण. सासूबाईंना तिचा पायगुण नको वाटतो, आणि तू पत्रात तिच्याबद्दल लिहिताना दोन ओळीत आटपलंस, बहुतेक तुला पण कुठेतरी आत तीच भीती आहे. मी तुला विचारते, २० जुलै ते १५ ऑगस्ट, आई शेतात, सासूबाई सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाच्या कामांवर, नवऱ्याची सुट्टी आठच दिवस, तर त्या वेळी तुझ्या घरात अशी कोण असेल जिला बाळ गप्प झालेलं सगळ्यात आधी लक्षात येईल? जिने एकदा "गुणी बाळ" पाहिलंय तीच ना. तिला हे काम जमेल की त्याने जुनं दुःख वर येईल हे मात्र मला इथून कळत नाही, ते तिला विचारावं लागेल, फोनवर नको, आवणीच्या आधी एकदा तिला इथे चार दिवस बोलव, दोघी बसून त्या सहा दिवसांबद्दल बोला, तुमच्याकडे कोणी ते तिला नीट विचारलंच नसेल, सगळ्यांनी पौषावर टाकून विषय बंद केला. आणि ती हो म्हणाली तर तुझ्या पुढच्या तपासणीला तिलाच सोबत ने आणि सिस्टरला सांग, हिला बाळाची ऊब कशी बघायची ते दाखवा. सासूबाईंना पण त्याच दिवशी घेऊन जा, दोघींना एकदमच शिकू दे.